कामानिमित्त बेंगळुरूला जाताना : न्याहारी, बेकरी आणि मिलिटरी हॉटेल कसे गाठावे

पुण्या-मुंबईहून कामासाठी वरचेवर बेंगळुरूला जाणाऱ्या अनेकांचे तिथले खाणे हॉटेलातली न्याहारी, ऑफिसचे कॅन्टीन आणि रात्री मोबाइलवरून मागवलेले पार्सल यांच्या पलीकडे जात नाही. हौस नसते असे नाही. चुकतो तो वेळेचा हिशेब. नावाजलेल्या ठिकाणांची यादी घेऊन माणूस जातो, ऑफिस सुटल्यावर एकेक ठिकाण पाहू असे ठरवतो, आणि संध्याकाळी सहानंतर आउटर रिंग रोडवर किंवा सिल्क बोर्ड चौकात अडकून बसतो. म्हणून बेंगळुरूत खाण्याचे नियोजन ठिकाणांच्या यादीपासून न करता घड्याळापासून करावे. इथल्या उत्तम पदार्थांच्या वेळा ठरलेल्या आहेत, आणि कामावर आलेल्या माणसाच्या हाती खात्रीने उरणारी वेळ सकाळी साडेसहा ते नऊ एवढीच आहे. सुदैवाने हे शहर सर्वांत चांगले खाते तेही याच वेळेत.

मुक्काम कुठे करावा

मुक्कामाची जागा निवडण्याची मुभा असेल, तर ऑफिसच्या शेजारचे हॉटेल घेण्याचा मोह टाळावा आणि मेट्रोच्या नकाशाकडे पाहावे. व्हाइटफील्डला काम असेल, तर जांभळी मार्गिका ऑक्टोबर 2023 पासून थेट तिथपर्यंत जाते, त्यामुळे एम. जी. रोडच्या परिसरात राहूनही ऑफिस वेळेवर गाठता येते. इलेक्ट्रॉनिक सिटीला काम असेल, तर ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेली पिवळी मार्गिका आर. व्ही. रोड स्थानकापासून निघते, आणि हे स्थानक जयनगरला लागूनच आहे. जयनगर आणि बसवनगुडी हा भाग खाण्याच्या दृष्टीने या शहरातला सर्वांत समृद्ध भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. निवड करता येत असेल तर मुक्काम तिथेच करावा. ऑफिस मेट्रोपासून दूर असेल, तर कामाच्या दिवशी शहर ओलांडण्याचा विचार सोडून द्यावा आणि परतीच्या दिवसाची सकाळ किंवा आधीचा रविवार राखून ठेवावा.

एका मुक्कामात एकच पेठ धरावी, हा दुसरा नियम. मल्लेश्वरम, बसवनगुडी आणि फ्रेझर टाउन हे तिन्ही भाग एकाच खेपेत उरकण्याच्या नादात प्रवासच जास्त होतो. शिवाय कामानिमित्त जाणाऱ्याला पुन्हा येण्याची संधी असते, आणि पर्यटकाला नसलेली ही सवड त्याने नीट वापरावी.

सकाळची वेळ

बसवनगुडीतल्या गांधी बाजारात 1943 पासून चालू असलेले विद्यार्थी भवन हे न्याहारीचे नाव बहुतेकांना ऐकून माहीत असते. इथला मसाला डोसा मुंबईच्या उडुपी हॉटेलांतल्या पातळ, कागदासारख्या डोशापेक्षा अगदी वेगळा असतो. तो आकाराने लहान, अंगाने जाड, बाहेरून तांबूस व खमंग आणि आतून मऊ असून तुपाचा वास घेऊनच टेबलावर येतो. डोशांच्या थाळ्या हातावर रचून आणणारे वाढपी आणि भिंतींवरची कन्नड साहित्यिकांची रेखाचित्रे पाहावीत, पण मुख्य म्हणजे वारावर लक्ष ठेवावे. शुक्रवारी हे हॉटेल बंद असते, आणि शनिवारी-रविवारी जागेसाठी बराच वेळ थांबावे लागते. मंगळवार ते गुरुवार, सकाळी सातच्या आत पोहोचणे हा सर्वांत सोयीचा मार्ग आहे. नॅशनल कॉलेज मेट्रो स्थानकावर उतरून सकाळच्या थंड हवेत चालत गेल्यास भूकही नीट लागते.

तिथून जवळच शंकरपुरममध्ये ब्राह्मिन्स कॉफी बार आहे. 1965 पासूनचे हे छोटेसे ठिकाण इडली, वडा, खारा भात, केसरी भात आणि कॉफी एवढ्याच जिनसांवर चालते. इथे सांबार मिळत नाही. मिळते ती चटणी, आणि ती पुन्हा पुन्हा वाढण्यासाठी एक माणूस उभा असतो. उभ्यानेच खायचे, बशी हातात धरायची आणि दहा-पंधरा मिनिटांत मोकळे व्हायचे, अशी इथली रीत आहे. नऊला मीटिंग असलेल्या माणसासाठी याहून योग्य जागा सांगता येणार नाही. नावांवरून गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो की केसरी भात हा आपला शिरा आणि खारा भात हा भाज्या घातलेला मसालेदार उपमा असतो. दोन्ही एकाच बशीत हवे असतील, तर चौ चौ भात मागावा.

एका सकाळी दोन ठिकाणी खाता येते, मात्र दोन्हीकडे पोटभर खाऊ नये. एका जागी इडलीची एक जोडी, दुसऱ्या जागी एक डोसा आणि शेवटी अर्धी कॉफी, एवढे पुरेसे होते. बेंगळुरूत एक कॉफी दोघांत वाटून घेण्याची पद्धत जुनी आहे. काउंटरवर ‘बाय टू’ म्हटले की दोन पेल्यांत निम्मी निम्मी मिळते, आणि त्यात कोणाला संकोच वाटत नाही. सहकारी बरोबर असेल तर डोसाही असाच वाटून घ्यावा. सकाळी साडेसातला पोट तुडुंब भरले, तर दहा वाजताच्या चर्चेत डोळे मिटू लागतात, आणि असा दिवस ना कामाचा राहतो ना खाण्याचा.

लालबाग रोडवरील एम.टी.आर., म्हणजे मावळ्ळी टिफिन रूम्स, 1924 मध्ये उडुपीजवळच्या परंपळ्ळीहून आलेल्या मय्या बंधूंनी सुरू केले. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रव्याची इडली इथेच प्रथम केली गेली, असे मानले जाते. आज आपल्याकडे घरोघरी होणारी रवा इडली तिच्या मूळ जागी एकदा तरी खावी: काजू, कोथिंबीर आणि फोडणी ल्यालेली, सोबत बटाट्याचा सागू, म्हणजे दाटसर रस्साभाजी, आणि वर तूप. हे मूळचे हॉटेल सोमवारी बंद असते. कामाचा आठवडा सोमवारी सुरू होतो, आणि नवखा प्रवासी नेमका पहिल्याच सकाळी तिथे जाऊन परत फिरतो, म्हणून हे मुद्दाम सांगावेसे वाटते. लालबाग मेट्रो स्थानक जवळ आहे, आणि न्याहारीआधी लालबागेत फेरी मारण्याचा पर्यायही आहे.

उद्यान एक्सप्रेसने येणाऱ्यांनी मल्लेश्वरमचा विचार करावा. गाडी सकाळी मॅजेस्टिकला, म्हणजे मुख्य रेल्वे स्थानकाला पोहोचते, आणि तिथून हिरव्या मार्गिकेवरचे पुढचेच स्थानक संपिगे रोड आहे. सी.टी.आर. या जुन्या नावानेच ओळखले जाणारे श्री सागर तिथून फार लांब नाही, आणि त्याचा बेण्णे मसाला डोसा, म्हणजे लोण्याचा डोसा, विद्यार्थी भवनाच्या डोशापेक्षा चांगला की वाईट, यावर बेंगळुरूकर एकमेकांशी मनापासून वाद घालतात. माझा कौल सी.टी.आर.च्या बाजूने आहे, कारण तिथला डोसा शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहतो. याच भागात वीणा स्टोअर्सची इडली पदपथावर उभे राहून खाणाऱ्यांची गर्दी सकाळभर हटत नाही.

यांपैकी काहीच जमले नाही, तर ऑफिसच्या वाटेवरच्या कोणत्याही दर्शिनीत शिरावे. आधी पैसे देऊन कुपन घ्यायचे, काउंटरवरून बशी उचलायची आणि उंच टेबलाशी उभ्याने खायचे, ही पद्धत 1983 मध्ये जयनगरच्या कॅफे दर्शिनीपासून रुजली आणि पुढे शहरभर पसरली. दर्शिनीची पारख सोपी आहे. इडलीची भांडी सतत उघडली जात असतील आणि चटणी वारंवार नव्याने येत असेल, तर निश्चिंतपणे खावे. वडा सांबारात बुडवून हवा की वेगळा, हे आधीच सांगावे. आणि सांबारातला गूळ आवडत नसेल, तर चटणीवर भागवावे.

बेकऱ्या

पुण्या-मुंबईत गल्लोगल्ली दिसणाऱ्या ‘बेंगलोर अय्यंगार बेकरी’ या पाटीचे मूळ इथे आहे. हासन जिल्ह्यातून आलेल्या अय्यंगार कुटुंबांनी हा व्यवसाय उभा केला. 1898 मध्ये चिकपेट भागात सुरू झालेली बी. बी. बेकरी ही त्यातली पहिली समजली जाते. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या ब्राह्मण कुटुंबांनी पाव भाजण्याचा धंदा पत्करावा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. त्यांनी अंडे वर्ज्य ठेवून इंग्रजी बेकरीला आपल्या चवीचे केले आणि तिच्यात हिरवी मिरची, कांदा, कोथिंबीर व खोबरे आणले. आपल्याकडच्या अय्यंगार बेकरीत क्रीमचे केक आणि पफ यांनी कपाट भरलेले असते. बेंगळुरूत मात्र जुने पदार्थ अजून टिकून आहेत, आणि त्यांच्यासाठीच जावे.

सुरुवात विश्वेश्वरपुरमच्या व्ही. बी. बेकरीपासून करावी. 1953 पासूनची ही बेकरी नॅशनल कॉलेज स्थानकापासून चालण्याच्या अंतरावर आहे. खारा बन मागावा. तो मधोमध कापून, लोणी लावून, आत काँग्रेस शेंगदाणे, म्हणजे तिखट-मीठ लावलेली शेंगदाण्याची डाळ भरून घेतला, तर त्याची खरी चव कळते. दिलपसंद हा खोबरे आणि टूटी-फ्रूटी भरलेला पापुद्र्यांचा गोल पदार्थ पूर्ण न घेता त्याचा पाव भाग घ्यावा, कारण तो फार गोड असतो. हनी केक पाकात भिजलेला असून त्यावर जॅम आणि खोबऱ्याचा कीस असतो. तो तिथेच खाण्याचा जिन्नस आहे, डब्यात भरून नेला की त्याचा लगदा होतो. बेण्णे बिस्किट आणि टोस्ट मात्र निःशंकपणे घरी न्यावेत.

बेकरीत वेळ सांभाळणे न्याहारीपेक्षाही महत्त्वाचे आहे. सकाळी ब्रेड ताजा असला, तरी बन आणि पफ दुपारच्या चहाच्या सुमारास भट्टीतून येतात. काउंटरवर ‘बिसी इदेया?’, म्हणजे गरम आहे का, एवढे विचारले तरी विक्रेता खरे उत्तर देतो, आणि थोडे थांबा म्हणाला तर थांबण्यात नुकसान नसते. ऑफिसच्या दिवशी ही वेळ साधणे कठीण जाते. त्यावर माझा उपाय असा आहे की मुक्कामाच्या आसपास एखादी लहान अय्यंगार बेकरी शोधून ठेवावी, परतताना तिथे काय उरते आणि काय संपलेले असते हे पाहावे, आणि जे रोज संपते ते शेवटच्या दिवशी दुपारी जाऊन घ्यावे.

फ्रेझर टाउनच्या मॉस्क रोडवरची अल्बर्ट बेकरी 1902 ची आहे आणि तिचा स्वभाव अगदी निराळा आहे. ती दुपारी उघडते, आणि तिथे खिमा पफ व भेजा पफ यांसाठी लोक येतात. मांसाहारी बेकरीची ही परंपरा छावणीच्या, म्हणजे कॅन्टोन्मेंटच्या बेंगळुरूची आहे. बसवनगुडीचे पेठेतले बेंगळुरू आणि हे छावणीचे बेंगळुरू वेगवेगळे वाढले, आणि दोघांतला फरक इतिहासाच्या पुस्तकाइतकाच बेकरीच्या कपाटातूनही दिसतो. डिसेंबरमध्ये गेल्यास याच भागातल्या थॉम्स बेकरीत नाताळच्या प्लम केकसाठी उडालेली झुंबड पाहायला मिळते.

मिलिटरी हॉटेल

मराठी माणसाने बेंगळुरूत आवर्जून जावे, अशी जागा म्हणजे मिलिटरी हॉटेल. नाव ऐकून लष्कराचे उपाहारगृह डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात जुन्या म्हैसूर भागात मांसाहारी खानावळीला हे नाव आहे, आणि बेंगळुरूतली अनेक मिलिटरी हॉटेले तिथे पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठा कुटुंबांनी चालवलेली आहेत. विजापूरच्या फौजेने 1638 मध्ये बेंगळुरू घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि त्या काळापासून या भागात मराठ्यांची वस्ती आहे. आज या कुटुंबांची बाहेरची भाषा कन्नड आहे, काहींच्या घरात जुन्या वळणाची मराठी अजून बोलली जाते, आणि स्वयंपाकात दोन्हीकडचे काही ना काही उतरले आहे.

जयनगरचे शिवाजी मिलिटरी हॉटेल त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. तिथली दोन्ने बिर्याणी पानाच्या द्रोणात येते. तिचा तांदूळ बासमती नसून जिरगा सांबा या लहान दाण्याच्या जातीचा असतो आणि कोथिंबीर-पुदिन्याच्या वाटणामुळे तिला हिरवट रंग येतो. हैदराबादी बिर्याणीची सवय असलेल्यांना ती पहिल्या घासाला साधी वाटेल, पण मटणाचा रस तांदळात असा मुरलेला असतो की वेगळ्या रश्श्याची गरज भासत नाही. इथे दुपारी बारा-साडेबाराच्या आत पोहोचावे, कारण उशीर झाला की मटणाचे प्रकार एकामागून एक संपत जातात. रविवारी गर्दी फार असते. शनिवारी मुक्काम लांबवता येत असेल तर तो दिवस निवडावा.

बिर्याणी सगळीकडे मिळते, म्हणून इतर पदार्थांकडे दुर्लक्ष करू नये. नाचणीचे मुद्दे म्हणजे उकडीचा मोठा गोळा; त्याचा तुकडा मोडून, मटणाच्या सारात बुडवून, न चावता गिळण्याची तिकडची पद्धत आहे. काही मिलिटरी हॉटेलांत सकाळीच पाया आणि इडली, किंवा खिमा आणि डोसा अशी न्याहारी मिळते, आणि मांसाहार करणाऱ्याने एक सकाळ तरी तिच्यासाठी राखावी. पहिल्या भेटीत मुद्द्याचा अर्धा भाग मागावा. पूर्ण गोळा पोटाला जड जातो.

कामाच्या दिवसाची दुपार आणि संध्याकाळ

दुपारसाठी फार योजना करू नये. जेवायला तासभर मिळत असेल आणि ऑफिस मध्य भागात असेल, तर रेसिडेन्सी रोडवरच्या नागार्जुनमध्ये केळीच्या पानावरचे आंध्र पद्धतीचे जेवण घ्यावे. भातावर आधी डाळीची पूड आणि तूप कालवून खावे, मग पप्पू, म्हणजे आंध्र पद्धतीची डाळ, मग रसम्, आणि शेवटी दही, या क्रमाने जेवल्यास तिखट सोसते. वाढपी भात घालतच राहतो. ‘साकु’ म्हणजे पुरे, हा शब्द लक्षात ठेवावा. दुपारनंतर महत्त्वाचे सादरीकरण असेल, तर त्या दिवशी हे जेवण टाळलेले बरे.

दूरच्या आयटी पार्कमध्ये असाल, तर स्थानिक सहकाऱ्यांकडून माहिती काढावी. मात्र प्रश्न नीट विचारावा. ‘इथे प्रसिद्ध काय आहे?’ असे विचारले की सगळे तीच पाच नावे सांगतात. ‘गेल्या रविवारी तुम्ही घरच्यांना घेऊन कुठे जेवलात?’ असे विचारले की खरे पत्ते मिळतात. ऑफिसच्या कॅबचे चालक कुठे जेवतात, याची चौकशी तर अवश्य करावी, कारण स्वस्त, ताजे आणि वेळेत मिळणारे जेवण त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

संध्याकाळी शरीर थकलेले असते, तेव्हा चर्च स्ट्रीटवरच्या इंडिया कॉफी हाउसमध्ये ऑम्लेट आणि कॉफी, किंवा 1940 मध्ये बेकरी म्हणून सुरू झालेल्या कोशीजमध्ये निवांत बसणे, एवढेच योजावे. कॉफी हाउस लवकर बंद होते, याची नोंद घ्यावी. ऑफिसच्या गटाचे रात्रीचे जेवण ठरलेले असेल, तर जागेवरून वाद न घालता जावे आणि हलके खावे, म्हणजे दुसऱ्या दिवशीची सकाळ हातची जात नाही.

हंगाम, बिले आणि घरी नेण्याच्या वस्तू

दौऱ्याची तारीख पुढे-मागे करता येत असेल, तर हिवाळा निवडावा. डिसेंबर-जानेवारीत पावट्याचा हंगाम असतो आणि विश्वेश्वरपुरमच्या परिसरात पावट्याच्या दाण्यांचा डोसा, उसळ, फरसाण, अगदी गोड पदार्थही होतात. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत बैल मंदिराजवळ शेंगदाण्याची जत्रा, म्हणजे कडलेकाई परिषे भरते. त्या आठवड्यात गेल्यास ताज्या शेंगा घेतल्याशिवाय परत फिरू नये.

कंपनी ठरावीक दैनंदिन भत्ता देत असेल, तर काही प्रश्न येत नाही. बिल दाखवून पैसे मिळत असतील, तर दर्शिनीचे कुपन आणि छोट्या बेकरीची चिठ्ठी हिशेब विभागात सहसा चालत नाही. अशी न्याहारी आपल्या पदरची समजावी आणि रीतसर बिल देणाऱ्या ठिकाणचे दुपारचे किंवा रात्रीचे जेवण कंपनीच्या खात्यात दाखवावे. न्याहारीचा खर्च मुळात इतका कमी असतो की त्यासाठी मन मारण्याचे कारण नाही.

घरी नेण्यासाठी सर्वांत चांगली वस्तू म्हणजे ताजी दळलेली कॉफी. गांधी बाजार आणि मल्लेश्वरममध्ये बिया समोर दळून देणारी दुकाने आहेत. तिथे फिल्टरसाठी दळण हवे असे सांगावे आणि चिकोरीचे प्रमाणही सांगावे. पहिल्यांदा घेताना 80 टक्के कॉफी आणि 20 टक्के चिकोरी घ्यावी. पाव किलोपेक्षा जास्त घेऊ नये, कारण दोन-तीन आठवड्यांत सुगंध उतरू लागतो. टोस्ट, बेण्णे बिस्किट आणि काँग्रेस शेंगदाणे हातातल्या बॅगेत नेता येतात, तूप आणि ओली चटणी मात्र केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या मध्यापासून सुमारे 35 किलोमीटरवर आहे, त्यामुळे खरेदी परतीच्या दिवसावर ढकलू नये. कॉफी आणि टोस्ट आदल्या संध्याकाळी घ्यावेत. विमान रात्रीचे असेल, तरच दुपारी बेकरीत जाऊन गरम खारा बन बांधून घ्यावा, आणि तो घरी पोहोचेपर्यंत न ठेवता वाटेतच खावा.